रिकाम्या पेनड्राइव्हमधले अठरा व्हायरस

मी तीस वर्षं लाल दिव्याच्या हाकेला धावलो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. तिथल्या मागांना वर दिवे असतात. उभा धागा तुटला की माग आपोआप थांबतो आणि लाल दिवा लागतो. मग त्या मागापाशी जायचं, तुटलेला धागा शोधायचा, खराब तुकडा कापून टाकायचा, चांगला धागा गाठ मारून जोडायचा आणि माग पुन्हा सुरू करायचा. यात डोकं चालवायला फारशी जागा नसते. शेडमध्ये माणसं खोटं बोलायची, सूत विकणारे बोलायचे, वेळ पडली तर मीही बोलायचो, पण दिवा तीस वर्षांत एकदाही खोटं बोलला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जो गाढवपणा केला तो कळायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

माझे वडील मूळचे वळसंगचे. तरुणपणी सोलापुरात आले आणि चादरींच्या नक्ष्या काढायला शिकले. त्या काळी नक्षी म्हणजे चौकटींचा मोठा कागद आणि बारीक ब्रश. कागदावरचा एक चौकोन म्हणजे कापडातला एक धागा. कुठला चौकोन भरायचा आणि कुठला मोकळा सोडायचा हे ठरवत बाबा महिना महिना एकाच कागदावर वाकलेले असत. त्या कागदाबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे मागावर चढवायचे, आणि मग फूल असो की वेल, ते चादरीत उतरायचं. बाबांच्या बऱ्याच नक्ष्या मालकांकडंच राहिल्या आणि कारखाने बंद पडले तशा त्याही गेल्या. त्रेसष्ट तेवढ्या आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत उरल्या होत्या.

मी निवृत्त झालो तोवर त्या ट्रंकेला वाळवी लागली होती. कागद हातात घेतला की कडेनं चुरा पडायचा. मी एक जुना कॉम्प्युटर आणि त्याहून जुना स्कॅनर घेतला, आणि एकेक नक्षी चार चार, सहा सहा तुकड्यांत स्कॅन करून पडद्यावर जोडायला लागलो. त्यात तीन वर्षं गेली. माझ्यासारख्या तापट माणसानं इतका धीर कुठून आणला ते मलाच माहीत नाही. शेवटची नक्षी झाली तेव्हा बायकोनं सांगितलं की आता हे वाळवीचं घर बाहेर काढा, नाहीतर दारं-चौकटी जातील. तिचं बरोबरच होतं. मी ते सगळे कागद न्हाणीतल्या बंबात घातले. त्या पाण्यानं अंघोळही केली. आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे, आता कशाला हवा कचरा, असं मी तिला मोठ्या तोऱ्यात म्हटल्याचं आठवतं.

म्हणजे बाबांच्या हातचं जगात जे काही उरलं होतं ते त्या एका डब्यात होतं, आणि दुसरीकडं कुठंही नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मी चित्रांचे तुकडे नीट जोडून देणारं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर इंटरनेटवर शोधत होतो. फुकट या शब्दाला मी आयुष्यभर बळी पडत आलोय. एका ठिकाणी मोठं हिरवं बटण दिसलं, ते दाबलं, आणि पडदा एकदम लालभडक झाला. भोंगा वाजायला लागला. इंग्रजीत आणि मोडक्यातोडक्या हिंदीत लिहिलं होतं की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलेत, कॉम्प्युटर बंद करू नका, बंद केलात तर सगळं नष्ट होईल. खाली एक फोन नंबर होता आणि त्याच्या खाली 'आत्ताच स्वच्छ करा' असं बटण. मी फोनसाठी हात लांब केला, पण फोन बायकोजवळ होता आणि ती तिच्या बहिणीशी कानडीत बोलत बसली होती. त्या दोघींचं बोलणं सुरू झालं की मध्ये शिरायची माझी हिंमत नाही. त्या माझ्या मेहुणीचे मी आजवर कधी आभार मानले नाहीत, ते इथं मानतो. मी त्या नंबरला फोन केला असता तर पलीकडच्या गोडबोल्यानं माझ्याकडून काय काय करून घेतलं असतं याची आता मला चांगली कल्पना आहे.

फोन नाही म्हणून मी बटण दाबलं. लाल दिवा लागलाय म्हटल्यावर मी स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं.

पाच मिनिटांत भोंगा थांबला आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक निळी ढाल येऊन बसली. तिनं झरझर सगळी तपासणी केली आणि सांगितलं की दोनशेबारा ठिकाणी घाण आहे. मी हातच जोडले तिला. हे शब्दशः खरं आहे. मी खुर्चीवर बसून कॉम्प्युटरला नमस्कार केला. वेळेवर आलीस बाई, नाहीतर बाबांच्या नक्ष्या गेल्या होत्या, असंही मनात म्हणालो. आयुष्यात मी चांगल्या माणसांचे आभार मानायला कंजुषी केली आणि त्या सोद्या ढालीचे मात्र पहिल्या दिवशीच मानले.

मग रोजचा शिरस्ता ठरून गेला. सकाळी पूजा झाली, कपाळावर विभूती लावली की मी कॉम्प्युटर सुरू करायचो. ढाल लगेच तपासणी करायची आणि लाल यादी दाखवायची, आणि अधूनमधून भोंगाही वाजायचा. यादीत सगळी अगम्य नावं असायची, आणि मधूनमधून आमच्या फाइली. ढालीचं म्हणणं असं की या फाइली सडल्यात. त्या दुरुस्त करून हव्या असतील तर पैसे भरून पूर्ण ढाल विकत घ्या. नसेल घ्यायची तर निदान सडलेलं काढून टाका, म्हणजे बाकीचं वाचेल. पैसे भरायला माझा जीव होईना. काढून टाकणं मात्र मला तीस वर्षांच्या सवयीनं पटलं. खराब तुकडा कापला नाही तर पुढचा सगळा ताणा, म्हणजे उभे धागे, बिघडतात. पहिल्या दिवशी मी बाबांच्या तीन नक्ष्या काढल्या. त्या माझ्याच हातानं काढल्या, वर ती कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, घरात घाण नको म्हणून. दुसऱ्या दिवशी यादीत आणखी पाच होत्या.

नवव्या दिवसापर्यंत मी बाबांच्या एक्केचाळीस नक्ष्या पुसल्या होत्या.

मला वाईट वाटत नव्हतं असं कुणी समजू नये. प्रत्येक फाइल उघडून बघायचो, क्षणभर थांबायचो आणि मग पुसायचो. एकदा उघडलेली नक्षी चांगली धडधाकट दिसली तेव्हा मनात आलंही की हिला काय झालंय. पण रोग वरून दिसत नाही, असं मीच मला समजावलं. इतका शहाणा मी. नवव्या दिवशी ढाल म्हणाली की आता उरलेल्या बावीस फाइलींनाही लागण झाली आहे. तेव्हा माझं धाबं दणाणलं. उरलेल्या तरी वाचवायच्या म्हणून मी कपाटातून बँकेचं कार्ड काढलं आणि त्यावरचे आकडे नीट दिसावेत म्हणून चष्मा पुसत बसलो.

बायको तिथंच लसूण सोलत होती. नऊ दिवस ती काही बोलली नव्हती, कारण या घरात मशिनीतलं फक्त मला कळतं असा एक करार आहे. त्या दिवशी तिनं करार मोडला. "साकु आता," ती म्हणाली. साकु म्हणजे पुरे. चिडली की ती कानडीत शिरते. "अहो, ते रोज तुम्हाला भीती घालतंय. राखण करणारा असा रोज उठून भीती घालतो व्हय? कार्ड ठेवा आत. आधी त्या ताईंना विचारा."

मी चिडलो. तुला यातलं काय कळतं, हे वाक्य माझ्या तोंडून गेलंच. पण कार्ड मी आत ठेवलं. खरं सांगायचं तर त्या ताईंकडं जायचं मला अवघड वाटत होतं.

त्या आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. एका सरकारी कार्यालयात कारकून आहेत, दिवसभर कॉम्प्युटरवरच काम, वय चाळिशीच्या आसपास. चौदा वर्षांची शेजारीण, आणि चौदा वर्षांत मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. त्या बौद्ध, आम्ही लिंगायत. माझ्या लहानपणी घरात जे शिकवलं गेलं ते मी बोलून दाखवत नव्हतो एवढंच, मनातून काढलंही नव्हतं. त्यात एकदा त्यांच्या स्कूटीवरून मी कटकट केली होती. आमच्या फाटकापुढं पाच मिनिटं लावली होती त्यांनी, आणि मी अर्धा तास बोललो होतो. हे सगळं पोटात ठेवून मी रविवारी सकाळी त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की पैसे भरले का. नाही म्हटल्यावर बरं केलंत म्हणाल्या. त्यांच्या कार्यालयात असंच एकदा झालं होतं आणि तिथल्या दोघांची महिन्याची झोप उडाली होती, असं त्यांनी सांगितलं. मग चप्पल घालून माझ्याबरोबर निघाल्या.

घरी आल्यावर त्यांनी आधी कशालाही हात लावला नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि मला म्हणाल्या की रोज करता तसं करून दाखवा. मी ढाल चालवली. पट्टी सरकत गेली, यादी आली. त्यांनी पुन्हा चालवायला सांगितली. मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी त्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होत्या. तिन्ही वेळा पट्टी बरोबर वीस सेकंदांत भरली होती. एवढ्या मोठ्या कॉम्प्युटरच्या सगळ्या फाइली वीस सेकंदांत कोण वाचणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मशिन आहे, वाचत असेल.

त्यांनी वाद घातला नाही. इंटरनेटची वायर उपसून ठेवली आणि पर्समधून एक कोरा पेनड्राइव्ह काढला. त्यात काहीही नाही हे मला उघडून दाखवलं. खरोखरच पडदा पांढराशुभ्र होता. मग तो कॉम्प्युटरला लावला आणि ढालीला फक्त तेवढाच तपासायला सांगितलं. ढालीनं वीस सेकंद घेतले आणि लाल अक्षरांत जाहीर केलं की यात अठरा व्हायरस आहेत. खाली अठरा फाइलींची नावंही दिली.

रिकाम्या भांड्यात अठरा किडे. मग मला त्यांना काहीतरी सांगावंसं वाटलं म्हणून मी मागावरच्या लाल दिव्याचं सांगितलं, की आम्ही कसे धावायचो आणि तो कधी कसा चुकायचा नाही. त्यांनी सगळं नीट ऐकलं.

"काका," त्या म्हणाल्या, "तुमचा तो दिवा धाग्याला जोडलेला होता. धागा तुटला की लागायचा. ह्याला धागाच जोडलेला न्हाई. ह्यो नुसता दिवाच हाय."

तीस वर्षं मागांत काढलेल्या माणसाला ही गोष्ट एका कारकून बाईंनी समजावून सांगावी लागली, आणि मला त्याचा राग आला नाही. माझ्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

मग त्यांनी ती ढाल उपटायला घेतली. आधी कॉम्प्युटर बंद करून सेफ मोडमध्ये सुरू केला, म्हणजे नुसता गरजेपुरता, उपरे पाहुणे जागे होण्याआधी. कॉम्प्युटरमध्ये असलेल्या सगळ्या प्रोग्रामची यादी उघडली आणि ती तारखेप्रमाणं लावली. मी ते 'आत्ताच स्वच्छ करा' बटण दाबलं त्याच दिवशी ढालीबरोबर आणखी दोन अनोळखी नावं घरात शिरलेली दिसली. तिघांनाही काढलं. ढाल जाताना विनवण्या करत होती. खरंच जायचंय का, तुम्ही असुरक्षित होताय, असं तीनदा विचारलं तिनं. ताईंनी तिन्ही वेळा शांतपणे हो दाबलं. मग कॉम्प्युटर उघडताच आपोआप काय काय सुरू होतं ती यादी साफ केली. ब्राउझरमध्ये एका भलत्याच साइटला मी कधीतरी सूचना पाठवायची परवानगी देऊन ठेवली होती, ती काढून घेतली. भोंगा तिथून यायचा.

सगळ्यात लाज वाटली ती पुढं. कॉम्प्युटरमध्ये मुळातच एक खरं अँटीव्हायरस होतं, विकत घेतला तेव्हापासून, फुकट. ढालीनं आल्या आल्या त्यालाच झोपवलं होतं. ताईंनी ते जागं केलं, वायर जोडून ताजं केलं आणि पूर्ण तपासणीला लावलं. ती तपासणी सकाळी साडेदहाला सुरू झाली ती दुपारी दोनला संपली. ना भोंगा, ना लाल रंग. शेवटी एका ओळीत सांगितलं की चार गोष्टी सापडल्या आणि बाजूला काढल्या. त्या साडेतीन तासांत बायकोनं ताईंना जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगाची चटणी. आम्ही तिघं एकत्र जेवलो, चौदा वर्षांत पहिल्यांदा, आणि मला सारखं वाटत होतं की हे इतकं सोपं होतं.

हात धुताना ताईंनी सहज विचारलं, "काका, त्या यादीतलं तुमी काय पुसलं तर न्हाई की?"

मी सांगितलं. त्रेसष्ट नक्ष्या, ट्रंक, वाळवी, बंब, एक्केचाळीस. वडील वारले तेव्हा मी लोकांसमोर रडलो नव्हतो, त्या दिवशी मोरीपाशी उभा राहून रडलो. बायकोनं टॉवेल पुढं केला. त्या वेळेपर्यंत तिलाही माहीत नव्हतं की मी बाबांच्याच फाइली पुसत होतो.

ताई धावत गेल्या आणि कॉम्प्युटर बंद करून टाकला. मला सांगितलं की आता त्याला हात लावायचा नाही, सुरूसुद्धा करायचा नाही. पुसलेली फाइल लगेच जात नाही, तिची जागा मोकळी झाली एवढं कॉम्प्युटर लिहून ठेवतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तिथंच पडलेलं असतं. आपण जितकं कमी वापरू तितकं जास्त सापडेल. आपण साडेतीन तास जी तपासणी केली त्यातही थोडं पुसलं गेलं असेल, हे आधी विचारायला हवं होतं, चूक माझी, असं त्या म्हणाल्या. चूक त्यांची. आणि पुसणारा मी होतो.

सोमवारी कार्यालय सुटल्यावर त्या पुन्हा आल्या. दुसऱ्या पेनड्राइव्हवर पुसलेलं शोधून देणारा एक प्रोग्राम आणला होता आणि सापडेल ते ठेवायला स्वतःची बाहेरची हार्डडिस्क. मंगळवारीही आल्या. एकेक नक्षी वर येत गेली. फाइलींची नावं हरवली होती, नुसते आकडे होते, पण मला नावांची गरज नव्हती. बाबांची वेल मी कुठूनही ओळखली असती. प्रत्येक नक्षी उघडली की मी बायकोला हाक मारायचो आणि ती हातातलं काम सोडून यायची. चौतीस परत आल्या. एक्केचाळीसपैकी चौतीस, आणि आधीच्या बावीस मिळून छप्पन्न. ताईंनी त्या तीन ठिकाणी ठेवायला लावल्या, त्यातलं एक ठिकाण घराबाहेरचं. यापुढं पडदा लाल झाला तर काय करायचं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं: बटण दाबायचं नाही, नंबर लावायचा नाही, वायर काढायची आणि शांत बसायचं. शांत बसायचं हे त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं असावं.

सात नक्ष्या मात्र गेल्या. सहा तर उघडल्याच नाहीत. सातवी अर्धी उघडली. वरचा भाग होता, खाली नुसता करडा रंग. ती जोंधळ्याच्या कणसांची होती. चादरीच्या चारी बाजूंनी कणसं, एकाआड एक वाकलेली. वळसंगचं शेत सुटलं त्याची ती नक्षी होती असं आई सांगायची. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मी ताईंना म्हटलं की छप्पन्न मिळाल्या हेच खूप झालं, तुमचे उपकार कसे फेडू. ते मनापासूनच म्हणत होतो, पण डोळे त्या करड्या रंगावरून हलत नव्हते. ताईही बराच वेळ ती अर्धी नक्षी बघत होत्या. मग पर्स उचलून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या उशीचा अभ्रा घेऊन आल्या. त्यातून एक चादर काढली आणि आमच्या पलंगावर पसरली. धुऊन धुऊन मऊ पडलेली, लाल रंगाचा विटकरी झालेला. चारी बाजूंनी कणसं.

ताईंच्या आई एका कारखान्यात कांड्या भरायच्या, म्हणजे बाण्याचं, आडव्या धाग्याचं सूत गुंडाळून द्यायच्या. एका दिवाळीला मालकानं बायकांना चादरी वाटल्या, त्यातली ही. ताई लहानपणी आईजवळ हिच्यातच झोपायच्या. दोन वर्षांपूर्वी आई गेल्या तेव्हाही अंगावर हीच होती. हे सगळं त्यांनी चादरीची घडी सारखी करत करत सांगितलं.

"ही मी देणार न्हाई, काका," त्या म्हणाल्या. "पण मोजून घ्या. तुमाला मोजता येतं की."

मला मोजता येत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी कारखान्यातलं भिंग काढलं, टेबलावर स्वच्छ पंचा अंथरला, त्यावर चादर ठेवली आणि एकेक धागा मोजून कागदावर चौकोन भरायला लागलो. पाठ भरून यायची, डोळ्यांतून पाणी यायचं. बाबांनी हे आयुष्यभर केलं, आणि मी त्यांना कधी विचारलं नव्हतं की पाठ दुखते का. बाबांच्या प्रत्येक कणसात दाण्यांच्या अकरा ओळी होत्या. मी ते पंधरा कणसांत ताडून पाहिलं, सगळीकडं अकरा.

डाव्या कोपऱ्याजवळच्या एका कणसात बारा निघाल्या. मी पुन्हा मोजलं, बाराच. बाबांची चूक असणं शक्य नव्हतं, म्हणून भिंग आणखी जवळ नेलं. तिथं मागाचं काम नव्हतंच. चादर तिथं कधीतरी फाटली होती आणि कुणीतरी सुईनं ती भरून काढली होती. चादरीच्याच काठाचा धागा उपसून, वरखाली, वरखाली, अशी की हात फिरवला तरी कळू नये. नुसतं भोक बुजवलं नव्हतं. कणसाचा फाटलेला भाग शेजारच्या कणसाकडं बघून जसाच्या तसा पुन्हा विणला होता, आणि विणता विणता दाण्यांची एक ओळ जास्त झाली होती. दिवसभर कांड्या भरून घरी आल्यावर कधीतरी बसून त्या माउलीनं ते केलं असणार. बाबांच्या चौकोनांत त्यांच्यानंतर हात घातलेलं दुसरं माणूस मला तोवर माहीत नव्हतं.

शेजारच्या कणसावरून अकरा ओळी उतरवून घेणं सोपं होतं. मी बारा भरल्या.

नक्षी पुरी झाल्यावर ती स्कॅन केली आणि ताईंना बोलावलं. चादर धुवायला नको म्हणाल्या होत्या, म्हणून तशीच घडी करून अभ्र्यात ठेवली होती, ती आधी त्यांच्या हातात दिली. मग पडद्यावर तो कोपरा मोठा करून दाखवला आणि बाजूला झालो. त्यांनी पडद्याला बोट लावून दाणे मोजले. बाराव्या ओळीवर बोट थांबलं.

"ही आईची हाय," त्या म्हणाल्या.

बाबा प्रत्येक नक्षीच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपलं नाव लिहीत. या नक्षीवर ते मी माझ्या हातानं लिहिलं होतं. ताईंना मी त्यांच्या आईचं नाव विचारलं. चौदा वर्षांत मला ते माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं, आणि मी ते बाबांच्या नावाशेजारी, त्याच ओळीत लिहिलं.